पहिला रिपीटर उभारतोय: दोन मोबाइल रिग आणि एक डुप्लेक्सर, एवढ्यावर भागेल का?

सुमेधा_सिम्प्लेक्स

नमस्कार मंडळी,

आमचा छोटा हॅम (हौशी रेडिओ) क्लब आहे. बहुतेकांकडे ५ वॅटचे हँडी (हातातले रेडिओ), दोघातिघांच्या गाडीत मोबाइल रिग. मधल्या डोंगरामुळे अलीकडचे आणि पलीकडचे सिम्प्लेक्सवर (थेट, एकाच फ्रिक्वेन्सीवर) एकमेकांना ऐकूच येत नाहीत. म्हणून रिपीटरचा, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं लगेच दुसरीवर पुन्हा पाठवणाऱ्या यंत्राचा, ठराव झाला आणि "तुला इलेक्ट्रॉनिक्स येतं ना" म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. इलेक्ट्रॉनिक्स येतं, पण रिपीटर आजवर फक्त वापरलाय.

बेत असा आहे. दोन मीटर बँड (१४४-१४६ मेगाहर्ट्झ), ट्रान्समिट आणि रिसीव्हमध्ये ६०० किलोहर्ट्झ ऑफसेट (फरक). ट्रान्समिटला ५० वॅटचा जुना कमर्शियल मोबाइल. फायनल (शेवटचा पॉवर टप्पा) धडधाकट आहे, पॉवर मोजून बघितली, हीटसिंकवर पंखा बसवणार आहे, गरज पडली तर पुढे १०० वॅटचा अँप्लिफायरही जोडता येईल. रिसीव्हला तसलाच दुसरा. मध्ये अर्डुइनोचा कंट्रोलर. ६० मीटर उंचीच्या टॉवरवर जागा मिळतेय, तिथे इतरांचेही अँटेना आहेत. आमचा एकच, फायबरग्लासचा कोलिनियर. एकाच अँटेनावर ट्रान्समिट आणि रिसीव्ह वेगळं ठेवणारा डुप्लेक्सर म्हणजे पुस्तकाएवढा चपटा, सहा स्क्रूवाला डबा. विकणारा म्हणतो तुमच्या फ्रिक्वेन्सीला ट्यून करून देतो. केबल फॉइल आणि ब्रेडवाली जाड लो-लॉस.

लायसन्स आणि फ्रिक्वेन्सी कोऑर्डिनेशनचे अर्ज गेलेत, त्याची काळजी नको. मला एवढंच सांगा: ५० वॅट पुरतील का, हा डुप्लेक्सर चालेल का, आणि आधी काय विकत घेऊ?

रात्रपाळी

डुप्लेक्सर चालणार नाही. ते चपटे डबे निदान ४-५ मेगाहर्ट्झ फरकासाठी केलेले असतात. ६०० किलोहर्ट्झवर त्यातून दोन बाजूंमध्ये हवं तेवढं आयसोलेशन (अडवणूक) मिळतच नाही, स्क्रू कितीही फिरवा. ७० सेंटीमीटर बँडवर (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) ५ मेगाहर्ट्झ किंवा जास्त ऑफसेट मिळणार असेल तर तसाच यूएचएफ डबा चालतो. मी तर म्हणेन बँडच बदला.

किंवा सुरुवात क्रॉसबँडने करा. दोन मीटरवर ऐकायचं, ७० सेंटीमीटरवर बोलायचं, मध्ये साधा डायप्लेक्सर (दोन बँड वेगळे करणारा फिल्टर). अंतराळ स्थानकावरचा रिपीटर २०२० पासून असाच चालतो: वर जाताना १४५.९९० मेगाहर्ट्झ, टोन ६७ हर्ट्झ, खाली येताना ४३७.८००. फक्त १४४ ते १४६ ची तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) ४३२ ते ४३८ मध्ये पडते हे ध्यानात ठेवा. त्या स्थानकाशी बोलताना आपलाच आवाज परत ऐकायचा प्रयत्न ज्यांनी केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कॅव्हिटीकाका

सुमेधाताई, तुमच्या पोस्टमध्ये ट्रान्समीटरवर सगळा जीव ओतलाय आणि रिसीव्हरला तीन शब्द: "रिसीव्हला तसलाच दुसरा". हे उलटं करा, निम्मं काम तिथेच होईल.

मी आयुष्यभर टू-वे रेडिओ दुरुस्त केले, पोटासाठी कमर्शियल आणि हौसेसाठी हॅम. "आमचा रिपीटर लांबपर्यंत ऐकू येतो पण तो आमचं ऐकत नाही" ही तक्रार इतक्या वेळा ऐकलीय की फोन उचलतानाच मी विचारतो, पॉवर किती वाढवलीत? अशा रिपीटरला हॅम लोक मगर म्हणतात, जबडा मोठा आणि कानांचा पत्ता नाही. तुमचे हँडी ५ वॅटचे, म्हणजे ३७ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डीबीत मोजलेली पॉवर). रिपीटर २५ वॅटचा केला तरी तो ४४ वर, सात डीबीने पुढे. ५० ला दहा डीबीने. ते १०० वॅटचं प्रकरण डोक्यातून काढून टाका. ज्याला रिपीटर ऐकू येतो पण उघडता येत नाही असा माणूस पुन्हापुन्हा पीटीटी (बोलायचं बटण) दाबत बसतो आणि सगळ्यांना ताप होतो. २० ते २५ वॅटवर थांबा. ५० वॅटचा मोबाइल तासन्‌तास पूर्ण पॉवरवर बोलायला बनवलेलाच नसतो, निम्म्यावर आणि पंख्यासकट चालवला तर वर्षानुवर्षं टिकेल.

आता डुप्लेक्सर. २५ वॅट म्हणजे अधिक ४४ डीबीएम. बरा रिसीव्हर ०.२ मायक्रोव्होल्ट ऐकतो, ते होतात उणे १२१ डीबीएम. एकाच अँटेनावर एकाच वेळी १६५ डीबी फरकाचे दोन सिग्नल, आणि मध्ये फक्त ६०० किलोहर्ट्झ. यातून दोन वेगवेगळी दुखणी निघतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिलं, तुमचा स्वतःचा कॅरिअर रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्याला बहिरा करतो. दुसरं जास्त छुपं आहे: कुठलाही ट्रान्समीटर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूलाही थोडी खरखर सांडत असतो आणि त्यातली काही नेमकी तुमच्या रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवर येऊन पडते. ती रिसीव्हरपाशी गाळता येत नाही, कारण तिथे ती आणि हवा तो सिग्नल एकाच जागी असतात. ती ट्रान्समीटरच्या तोंडाशीच अडवावी लागते.

म्हणून डुप्लेक्सरच्या दोन बाजू दोन कामं करतात. रिसीव्ह बाजूच्या कॅव्हिटींचा (पोकळ धातूच्या फिल्टरांचा) नॉच, म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी अडवणारी खाच, ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीवर, ट्रान्समिट बाजूच्यांचा रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवर. दोन्हीकडे ८० ते ९० डीबी लागतात. दोन मीटरला हे द्यायचं तर हातभर उंचीचे तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे नळकांडे हवेत, चार किंवा सहा. पाव तरंगलांबीच अर्ध्या मीटरची, त्याला चपटा डबा काय करणार? जुने कमर्शियल मिळाले तर घ्या. आतला ट्यूनिंग रॉड इनवारचा आहे का विचारा. इनवार उष्णतेने फारसा लांबत नाही, त्यामुळे दुपारी आणि पहाटे नॉच जागेवर राहतो. आणि कॅव्हिटींना जोडणाऱ्या छोट्या केबल्स अजिबात बदलू नका. त्यांची लांबी शोभेसाठी ठरलेली नसते.

बँडबद्दल रात्रपाळींशी मी सहमत आहे. पहिलाच रिपीटर असेल तर ७० सेंटीमीटर.

केबल: फॉइलवर ब्रेड असलेली लो-लॉस केबल सिम्प्लेक्सला झकास, डुप्लेक्सला नको. फॉइल अ‍ॅल्युमिनियमची, ब्रेड कथील चढवलेल्या तांब्याची. दोन धातू एकमेकांवर घासतात, टॉवरवर वाऱ्याने केबल हलते, आणि त्या असंख्य नीट न टेकलेल्या सांध्यांतून तुमचाच ट्रान्समिट सिग्नल खरखर तयार करतो. पहिले काही महिने काहीच कळत नाही, पावसाळा झाला की सुरू होतं. वरपर्यंत हार्डलाइन घ्या, नालीदार तांब्याच्या आवरणाची. खोलीतल्या छोट्या तुकड्यांना दुहेरी ब्रेडची आरजी-२१४ किंवा आरजी-४००. कनेक्टर एन प्रकारचे, आणि अडॉप्टरांच्या माळा लावू नका.

अँटेना कोलिनियर घेतलाच असेल तर लावा, पण पर्याय असेल तर उघड्या फोल्डेड डायपोलची रांग घ्या. फायबरग्लासच्या नळीत आत सोल्डरचे सांधे असतात. एखादा तडकला तरी बाहेरून दिसत नाही, एसडब्ल्यूआरही (अँटेनाकडून परत येणाऱ्या सिग्नलचं माप) बरा दाखवतो, आणि वारा आला की खर्र करतो. शिवाय फोल्डेड डायपोल डीसीला ग्राउंड असतो, विजेच्या दृष्टीने तेही बरं.

आधी काय विकत घेऊ, याचं उत्तर: काहीच नको. आहे तो रिसीव्हर आणि आहे तो अँटेना घेऊन टॉवरवर जा आणि नुसतं ऐका. ट्रान्समीटर घरीच ठेवा.

सुमेधा_सिम्प्लेक्स

काका, खूप आभार. दोन शंका. नुसतं ऐकायचं म्हणजे काय मोजायचं? आणि डुप्लेक्सर टाळून दोन अँटेना वरखाली लावले तर? टॉवर उंच आहे.

क्रॉसबँड जमणार नाही, बऱ्याच जणांकडे एकाच बँडचे हँडी आहेत. ७० सेंटीमीटरवाले जास्त, हे आत्ता विचारल्यावर कळलं.

कॅव्हिटीकाका

मग ठरलंच की, ७० सेंटीमीटर.

वरखाली अँटेनांचा हिशेब सोपा आहे. दोघांच्या टोकांमधलं उभं अंतर तरंगलांबीत मोजा, त्याचा लॉग घ्या, ४० ने गुणा, त्यात २८ मिळवा. ८० डीबी हवे असतील तर वीस तरंगलांब्या लागतात. दोन मीटरला ४० मीटर, ७० सेंटीमीटरला १४. तुमच्या टॉवरवर १४ मीटर निघतील. पण दोन हार्डलाइन, दोन अरेस्टर (विजेपासून बचावाचे), टॉवरवर दोन जागांची परवानगी, आणि मध्येच कुणी तिसऱ्याने अँटेना लावला की हिशेब बिघडला. यूएचएफचा डुप्लेक्सर त्यापेक्षा कमी कटकटीचा. चपट्या डब्यांमध्येही बरेवाईट असतात. ट्रान्समिट आणि रिसीव्ह फ्रिक्वेन्सी सांगून दोन्ही बाजूंचं आयसोलेशन मोजून मागा, नुसतं "ट्यून केलंय" ऐकून घेऊ नका.

घरी मोजायचं तर नॅनोव्हीएनए (फिल्टर, अँटेना मोजायचं छोटं यंत्र) कामाचा आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. साध्या नॅनोव्हीएनएला ३०० मेगाहर्ट्झच्या वर साधारण ६० डीबीच दिसतात, त्याखालचा नॉच त्याच्या स्वतःच्या खरखरीत बुडतो. त्यावर नॉच ढोबळ जागेवर आणा. मग अँटेनाच्या तोंडाला सिग्नल जनरेटर ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीवर लावा, रिसीव्ह बाजूला त्याच फ्रिक्वेन्सीवर ठेवलेला रिसीव्हर, आणि आवाज कमीत कमी होईपर्यंत स्क्रू फिरवा. ऐकू येईनासा झाला की जनरेटर वाढवा आणि पुन्हा. दुसऱ्या बाजूला उलट फ्रिक्वेन्सीवर हेच करायचं. लॉकनट आवळताना नॉच सरकतो, म्हणून आवळता आवळता ऐकत राहा.

आता साइटवर ऐकण्याबद्दल. रिसीव्हरच्या आधी एक कप्लर (बाजूने थोडासा सिग्नल सोडायचा जोड) लावा, त्यातून जनरेटरचा क्षीण सिग्नल सोडा. आधी अँटेनाच्या जागी डमी लोड (अँटेनाची नक्कल करणारा रोधक). सिग्नल एवढा कमी करा की टोन खरखरीत जेमतेम कळतोय. आकडा लिहून घ्या. मग डमी लोड काढून अँटेना लावा. टोन खरखरीत गेला? जनरेटर वाढवून टोन पहिल्यासारखा करा. जितके डीबी वाढवावे लागले तितका त्या जागेचा गोंगाट. समजा सहा डीबी आले, तर तुमच्या प्रत्येक सभासदाचा ५ वॅटचा हँडी रिपीटरच्या दृष्टीने सव्वा वॅटचा झाला. ट्रान्समीटर अजून घरीच आहे आणि एवढं नुकसान होऊन बसलंय. दिवसा मोजा, दिवे लागल्यावर पुन्हा मोजा.

डीसेन्सची, म्हणजे स्वतःच्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बहिरा होतो का याची, परीक्षा याच मांडणीवर होते, फक्त आता डुप्लेक्सर आणि ट्रान्समीटर जोडून. कंट्रोलरची पीटीटी वायर काढून ठेवा. डुप्लेक्सरच्या अँटेना तोंडाला डमी लोड, रिसीव्हरला क्षीण टोन, हेडफोन कानाला. मग ट्रान्समीटर हाताने की करा (ट्रान्समिटला घाला). टोन होता तसाच राहिला तर डुप्लेक्सर पास. खरखर वाढली तर रिसीव्ह बाजूला एक जादा कॅव्हिटी लावून बघा. फरक पडला तर कॅरिअर आत घुसतोय. नाही पडला तर ट्रान्समीटरची खरखर आहे, कॅव्हिटी त्या बाजूला हवी. डमी लोडवर पास आणि अँटेनावर नापास झालात तर डुप्लेक्सरला शिव्या देऊ नका. दुखणं केबल, कनेक्टर, अँटेना किंवा टॉवरच्या लोखंडात आहे. ट्रान्समीटर चालू ठेवून खोलीतल्या एकेका कनेक्टरवर स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने हलकेच टकटक करा. जिथे हेडफोनमध्ये कर्र वाजेल तो सांधा खराब. टॉवरवरचा गंजलेला क्लॅम्पही असाच सापडतो, पण ते काम टॉवरवर चढायचं प्रशिक्षण असलेल्या माणसाचं, आणि त्या वेळी ट्रान्समीटर बंद. अँटेनाजवळ माणूस असताना की करायचं नाही.

टॉवरवर इतरांचे ट्रान्समीटर आहेत म्हणता, तर तुमच्या ट्रान्समीटरपुढे आयसोलेटर हवाच. त्यांचा सिग्नल तुमच्या फायनलमध्ये शिरून मिसळतो आणि दुप्पट एक वजा दुसरा अशी तिसरीच फ्रिक्वेन्सी बाहेर पडते. मग टॉवरमालक पहिला संशय हॅमवर घेतो. आयसोलेटर उलट दिशेला २०-२५ डीबी अडवतो. पण त्याच्यातला फेराइट स्वतः हार्मोनिक तयार करतो, म्हणून त्याच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला, लो-पास फिल्टर लावायचा, मागे नव्हे.

सोल्डरधूर

काकांनी आरएफचं सगळं सांगितलं, मी कंट्रोलरपुरतं बोलतो.

अर्डुइनो पुरेसा आहे. इंटरनेट लिंक, आवाजी घोषणा वगैरे हवं असेल तर रास्पबेरी पायवर एसव्हीएक्सलिंक टाका, पण ते नंतर. पहिल्या दिवशी लागतात ती चारच कामं: सिग्नल आला की की करणं, गेला की दोनेक सेकंद थांबून सोडणं, ठराविक वेळाने मोर्समध्ये कॉलसाइन, आणि टाइमआउट. टाइमआउट तीन मिनिटांचा ठेवा. कुणाचा मायक्रोफोन सीटखाली दबला की त्याची किंमत कळते. अर्डुइनो हँग झाला तर पीटीटी सुटलीच पाहिजे, यासाठी वॉचडॉग (अडकला तर आपोआप रीसेट करणारा टायमर) चालू ठेवा आणि पीटीटीचा ट्रान्झिस्टर असा जोडा की पिन मेली तर ट्रान्समीटर बंद पडेल. दुरून बंद करायची सोय वेगळ्या वाटेने ठेवा, त्याच रिसीव्हरवर अवलंबून नको.

फक्त कॅरिअरवर उघडू नका, सीटीसीएसएस टोन (आवाजाखाली सतत जाणारा खर्जातला ओळखटोन) लावा. नाहीतर शेजारच्या चार्जरची खरखरही रिपीट होते. बाहेर जाणाऱ्या सिग्नलवरही टोन द्या, पण आत कुणी बोलत असेल तेवढ्यापुरताच. मग ऐकणाऱ्याचा हँडी टोनवर बंद होतो आणि शेवटची फुस्स त्याच्या कानावर येत नाही.

ऑडिओबाबत भांडणं होतात. रिसीव्हरच्या डिस्क्रिमिनेटरवरून (एफएममधून आवाज काढणाऱ्या टप्प्यावरून) घेतलात तर तो आवाज सपाट, ट्रान्समीटरच्या मॉड्युलेटरलाही सपाट द्या. स्पीकरवरून घेतलात तर त्यावर डीएम्फसिस झालेला (उंच स्वर दाबलेले) असतो, तो मायक्रोफोनच्या वाटेने द्या. एक इकडून आणि एक तिकडून केलं की आवाज घोंगडीतून आल्यासारखा किंवा शिट्टीसारखा येतो. लेव्हल कानाने लावू नका: आत ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशन दिलं तर बाहेर ३ च यायला हवं.

जुन्या कमर्शियल मोबाइलचा, उदाहरणार्थ मोटोरोला जीएम३०० चा, मागचा अ‍ॅक्सेसरी कनेक्टर शोधा. सपाट ऑडिओ, पीटीटी, सिग्नल आल्याची खूण, सगळं तिथे आयतं मिळतं, बोर्डावर डाग द्यावा लागत नाही. दोन्ही रिग वेगवेगळ्या धातूच्या पेट्यांत ठेवा. उघड्या टेबलावर शेजारी ठेवून डीसेन्स मोजलात तर पेटीतून पेटीत गळणारा सिग्नल डुप्लेक्सरच्या नावावर खपेल.

सुमेधा_सिम्प्लेक्स

जाऊन आले! ७० सेंटीमीटरचा रिसीव्हर, एक बरा अँटेना, उसना जनरेटर आणि काकांचा कप्लर.

दिवसा गोंगाट साधारण दोन डीबी, अंधार पडल्यावर सात. टॉवरच्या पायथ्याशी एलईडी फ्लडलाइट आहेत, ते टायमरवर लागतात. राखणदाराला विनंती करून एकेक बंद करायला लावला. चारपैकी एकच दिवा सगळा धुमाकूळ घालत होता. तो बंद केला की टोन खरखरीतून एकदम वर आला, राखणदारालाही हेडफोनवर ऐकवलं. टॉवरमालक त्या दिव्याचा ड्रायव्हर (आतला पॉवर सप्लाय) बदलून द्यायला तयार आहे.

अँप्लिफायरचा विषय क्लबात परत निघाला होता, मी काकांचा परिच्छेद वाचून दाखवला.

आता बॅटरी. वीज गेली तर दोन दिवस तरी चालायला हवा. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट पुरेल का?

कॅव्हिटीकाका

शाब्बास. दोन डीबी म्हणजे उत्तम जागा. दिव्याचा ड्रायव्हर बदलल्यावर पुन्हा मोजा, नवा ड्रायव्हर जुन्यापेक्षा वाईट निघू शकतो.

बॅटरीचा हिशेब: रिसीव्हर आणि कंट्रोलर मिळून ०.६ अँपिअर धरा, दिवसाचे साडेचौदा अँपिअर-तास. २० वॅटवर ट्रान्समीटर ६ ते ७ अँपिअर ओढतो. दिवसात दोन तास बोलणं धरलं तर आणखी १४. एकूण २८-२९. शंभरातले ८० वापरले तर पावणेतीन दिवस निघतात. पण वीज जाते तेव्हाच लोक जास्त बोलतात, म्हणून दोन दिवसच धरा. चार्जर आणि बॅटरीच्या वायरींवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज. आणि तो चार्जर स्विचिंगचा असेल तर विकत घ्यायच्या आधी त्याच कप्लरच्या मांडणीत चालू-बंद करून ऐका.

सुमेधा_सिम्प्लेक्स

ऐकते. हार्डलाइन खोलीत शिरते तिथे अरेस्टर आतून लावायचा की बाहेरून?

कॅव्हिटीकाका

भिंतीतच. तांब्याची एक पट्टी, तिच्यावर गॅस ट्यूबचा अरेस्टर, आणि पॉवर सप्लाय, रॅक, टॉवर सगळ्यांचं अर्थिंग त्या एकाच पट्टीला. हार्डलाइनचं आवरण टॉवरच्या वरच्या आणि खालच्या टोकाला पण अर्थ करा, किट मिळतात. अरेस्टर पॉवरला पुरेल असा घ्या आणि लावल्यावर डीसेन्स पुन्हा तपासा, तो पण एक सांधाच आहे. ७३ (हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा).